कुंडाचा फुटका काठ

आमच्या अण्णांना दगडाचं मन कळतं, असं गल्लीतले लोक म्हणायचे. मला विचाराल तर त्यांना दगड सोडून दुसऱ्या कुणाचंच मन कळायचं नाही. बायकोचं नाही, माझं नाही, आणि त्र्याण्णव साली जे पाद्री आमच्या दारात येऊन उभे राहिले त्यांचं तर नाहीच.

अण्णा म्हणजे खंडोजीराव, माझे वडील. राजाजीनगरात आमचं बसकं घर आणि घराला लागून पत्र्याची शेड. शेडीत सकाळी आठला छिन्नी-हातोड्याची टकटक सुरू व्हायची ती जेवणापर्यंत. आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले, असं बेंगळुरूचे सगळेच मराठे सांगतात. घोड्यावर बसून आले की घोड्यामागून चालत, ते मात्र कुणी सांगत नाही. अण्णांचं म्हणणं, आपले लोक किल्ल्याचे दगड घडवायला आले. पुरावा मागितला की ते आपले हात दाखवायचे. अशा माणसाशी वाद कसला घालणार?

किल्ले राहिले बाजूला, अण्णांनी आयुष्यभर घडवले ते रुब्बो कल्लू. इडली-दोशाचं पीठ वाटायचा तो मोठा दगड, मधे खोल वाटी आणि वाटीत गरगर फिरणारा वरवंटा. एके काळी राजाजीनगर आणि मल्लेश्वरममध्ये लग्न ठरलं की आधी अण्णांकडे दगड सांगायचा, मग सोनाराकडे जायचं. पुढे विजेवर चालणारे ग्राइंडर आले आणि धंदा बसला. मग जुनी घरं पाडून तीन-तीन मजली फ्लॅट उठायला लागले. दगड वर कोण नेणार? लोक ते फुटपाथवर आणून ठेवायला लागले.

मी मल्लेश्वरमच्या एका शाळेत शिकवायची. एकदा अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन परत येत होतो तर अण्णा एका फाटकापाशी थबकले. तिथे एक रुब्बो कल्लू उताणा पडला होता आणि त्याच्या वाटीत कुणीतरी केळीची सालं टाकली होती. अण्णा खाली बसले, सालं काढली, आत हात फिरवला.

"हा माझा," ते म्हणाले. "सत्तावन्न सालचा. तेव्हा माझी टाकी स्वल्प डावीकडे पडायची."

घरातल्या बाई बाहेर आल्या आणि हवा असेल तर घेऊन जा म्हणाल्या, वर उपकार केल्यासारख्या हसल्या. रिक्षावाला कुरकुरत होता, माझ्या साडीला चिखल लागला होता आणि अण्णा त्या दगडाला धरून मागच्या सीटवर बसले होते. असे अकरा दगड आमच्या अंगणात परत आले. माझी आई अंबुबाई म्हणायची, "लोकांच्या लेकी माहेरी येतात, आमच्याकडे दगड येतात." कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. मी चिडचिड केली की अण्णा ऐकून घ्यायचे. एकदाच उलट बोलले.

"राजू, एक तरी दगड असा घडवून जायचंय, जो कुणी रस्त्यावर टाकणार नाही."

 मी पिळलेली साडी उचलली आणि त्यातल्याच एका दगडावर वाळत घातली.

त्या दगडाचं काम मीच घरात आणलं, हे आधी कबूल करते. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या कमलाचे यजमान पद्मनाभ हे के. आर. पुरमच्या बाजूच्या एका लहानशा चर्चचे पाद्री. त्या भागात बावीस वर्षं नर्स म्हणून राहिलेल्या मिस ओवेन म्हातारपणी आपल्या गावी, वेल्सला परतल्या होत्या. तिथून त्यांनी कळवलं होतं की, माझा बाप्तिस्मा ज्या कुंडात झाला तसंच एक कुंड तुमच्या चर्चला माझ्याकडून असावं. आठशे वर्षांचं जुनं दगडी कुंड; त्यातलं पाणी पोरांच्या डोक्यावर घालतात. सोबत चारी बाजूंचे फोटो, मापं, आणि त्यांच्याकडच्या चर्चमधल्या दगडी कुंडांबद्दलची एक पातळ पुस्तिका. पत्रात लिहिलं होतं, 'फोटोत आहे तसंच, तंतोतंत'. कमलाने मला विचारलं, कुणी पाथरवट माहीत आहे का? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आहे की, घरातच आहे.

अण्णांनी ती पुस्तिका भिंगाखाली धरून आठ दिवस पाहिली. सोयऱ्यांच्या लग्नाचा अल्बम बघावा तशी. या कुंडाचा पाय बारीक आहे, हे कुणा शिकाऊ माणसाने केलंय, याच्यावरची वेल बरी आहे. दारापाशी भिंतीत बसवलेल्या लहान दगडी वाट्यांचेही फोटो होते. आत जाताना बोटं बुडवून कपाळाला पाणी लावायची वाटी, असं मी वाचून सांगितलं. काही वाट्या धर्माच्या भांडणात फोडल्या गेल्या होत्या. अण्णा म्हणाले, "आपल्याकडेही फोडल्यात. माणसं सगळीकडे तीच."

मिस ओवेनच्या गावचं कुंड बाहेरून चौकोनी आणि आतून गोल होतं. काठाखाली दगडातच पिळलेला दोरखंड, आणि चार कोपऱ्यांवर चार चेहरे. गोल डोळे, सरळ नाक, घट्ट मिटलेले ओठ. वीरगळावर असतात तसेच आहेत म्हणून अण्णांना ते लगेच पटले. आईला त्यातला एक थेट तिच्या थोरल्या दिरासारखा वाटला. कुंडाच्या तळाला भोक असतं आणि पाणी थेट जमिनीत जातं, हे ऐकून तर अण्णा खूशच झाले. "म्हणजे तीर्थ पायदळी येत नाही. शहाणी माणसं आहेत."

सप्टेंबरात काम सुरू झालं. तिकडचा दगड मऊ, इकडचा ग्रॅनाइट. चेहऱ्याचा एक डोळा काढायला दोन दिवस लागायचे. अण्णा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. मनगट सुजायचं, आई एरंडेल चोळायची, मी ओरडायची, आणि सकाळी आठला टकटक सुरू. डिसेंबरच्या मध्यावर कुंड उभं राहिलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. इतकी वर्षं या माणसाने नुसत्या पिठाच्या वाट्या कोरल्या होत्या आणि हातात हे होतं.

पाद्री पद्मनाभ कमिटीच्या दोघांना घेऊन बघायला आले. चेहऱ्यांवरून हात फिरवला, दोरखंड पाहिला, माना डोलावल्या. मग कमिटीतल्या एकाने फोटो काढून कुंडाशेजारी धरला आणि काठाकडे बोट दाखवलं. फोटोतल्या कुंडाचा काठ समोरासमोर दोन जागी फुटलेला होता. पंजाएवढे दोन टवके उडालेले. अण्णांच्या कुंडाचा काठ अखंड, गुळगुळीत.

"रायरे, इथलं फुटलेलं राहिलं," पाद्री कन्नडमध्ये म्हणाले. अण्णांशी ते कन्नडच बोलायचे, 'राव' म्हणावं तसं 'रायरे' म्हणत.

"राहिलं नाही, स्वामी. मी केलं नाही," अण्णा म्हणाले.

"पण पत्रात तंतोतंत लिहिलंय."

"पोराचा फोटो काढला आणि त्यात पोराचं डोकं फुटलेलं दिसलं, तर दुसऱ्या पोराचं फोडायचं का? भग्न वस्तू देवापुढे ठेवत नाहीत. मूर्तीचं बोट तुटलं तरी आपण ती नदीत सोडतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन महिने मी रोज त्या शेडीत चहा नेऊन देत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. म्हणजे दिसलं होतं. पण काठ अखंड आहे, हे चुकलंय असं मलाही वाटलं नव्हतं. मीही त्यांचीच मुलगी. खंडित मूर्ती घरात ठेवू नये, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पाद्री भला माणूस. ते म्हणाले, भेट मिस ओवेनची आहे, तिलाच विचारतो. कमिटीवाले तितके भले नव्हते. एकाच्या ओळखीचा कंत्राटदार सिमेंटमध्ये साचा घालून हुबेहूब कुंड करून द्यायला तयार होता, फुटक्या काठासकट. उत्तर येईपर्यंत थांबू, पण ईस्टरच्या आधी कुंड चर्चमध्ये हवं, असं ठरलं. ते गेल्यावर मी अण्णांना म्हटलं, "दोन घाव घाला आणि मोकळे व्हा."

"घडलेल्या दगडावर हातोडा उचलायचा नाही. बापाने सांगितलंय."

"सिमेंटचं कुंड बसेल तिथे! आणि हे आपल्या अंगणात, अकरा दगडांच्या शेजारी. तुम्हाला तेच हवंय का?"

अण्णांनी पाठ फिरवली आणि झाडू घेऊन शेड झाडायला लागले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात; इथे देवपण आलेलं होतं आणि दोन घावांवाचून अडलं होतं. सहा आठवडे आमच्या घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. गल्लीतले लोक येऊन बघून जायचे. एवढा मोठा रुब्बो कल्लू कुणाच्या लग्नासाठी, असं एका आजीबाईंनी खरंच विचारलं. मी त्यांच्यावरही खेकसले.

जानेवारीच्या शेवटी पत्र आलं. पाद्रींनी ते स्वतः आणून दिलं आणि मी अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. मिस ओवेननी लिहिलं होतं की, काठ फुटलेलाच हवा, आणि तो कसा फुटला ते कारागिराला सांगा. जुन्या काळी बाप्तिस्म्याचं मंतरलेलं पाणी कुंडातच ठेवत. लोक ते चोरून न्यायचे. कुणी आजाऱ्याला पाजायला, कुणी गुरांवर शिंपडायला, कुणी चेटकाला. म्हणून कुंडाला लाकडी झाकण आणि झाकणाला कुलूप लावायचा हुकूम निघाला. काठात दोन बाजूंना लोखंडी कड्या शिसं ओतून बसवल्या. पुढे रीत बदलली, कुलुपं नकोशी झाली, तेव्हा कुणीतरी त्या कड्या उपटून काढल्या आणि त्यांच्याबरोबर काठाचे टवके गेले. 'लहानपणी दर रविवारी मी त्या खाचेत बोट घालून उभी राहायची,' असं शेवटी होतं.

अण्णा जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "ते चोरीचं परत वाच."

मी परत वाचलं.

"दगडाच्या भांड्यातलं चोरायला लोक यायचे? कुलूप लावावं लागलं?"

"असं लिहिलंय."

त्यांनी अंगणातल्या अकरा दगडांकडे पाहिलं. ते काय बघत होते ते मला कळलं आणि पहिल्यांदाच माझा राग जरा निवला. ज्या माणसाची भांडी लोकांनी फुकटसुद्धा नेली नाहीत, त्याला कुलपाचं अप्रूप वाटणारच.

"सरी, बरं," ते उठून म्हणाले. "करूया. पण हातोडा लावणार नाही. जसं झालं तसंच करायचं. कड्या बसवायच्या आणि उपटायच्या. मग तो घाव माझा नाही, कडीचा."

निवलेला राग पुन्हा चढला. "अण्णा, फुटायचं ते फुटणारच आहे ना? मग दोन घावांचं काम महिनाभर कशाला?"

"दोन घाव घातले तर ते मोडलेलं दिसेल. कडी उपटली तर वापरलेलं दिसेल."

हट्टाला औषध नसतं. मागच्या गल्लीतले वासुदेव लोहार अण्णांचे जुने दोस्त. त्यांनी वर गोल आणि खाली एकच दांडा अशा दोन जाड कड्या घडवून दिल्या. अण्णांनी काठात समोरासमोर भोकं घ्यायला सुरुवात केली. छिन्नी फिरवत, पाणी घालत, दिवसाला बोटाच्या पेरापेक्षा कमी. ईस्टर तीन एप्रिलला होता. कमिटीवाला दर आठवड्याला येऊन सिमेंटचं नाव काढायचा, पाद्री त्याला गप्प करायचे आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मलाच अपराधी वाटायचं.

मार्चच्या मध्याला कड्या बसल्या. वासुदेवकाकांनी पळीतून तापलेलं शिसं भोकात ओतलं आणि अण्णांनी ते थंड होता होता ठोकून घट्ट केलं. आठ दिवस त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. नुसते सकाळ-संध्याकाळ कडीवर टिचकी मारून आवाज ऐकायचे. उपटायच्याच कडीचं इतकं कौतुक कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

उपटायच्या दिवशी पाद्री आले होते. कुंडाला गोणपाट गुंडाळून दोरांनी बांधलं. पहिल्या कडीत पहार घातली, वासुदेवकाका आणि अण्णांनी जोर लावला. काही नाही. पुन्हा लावला. कड् असा आवाज झाला आणि मी डोळेच मिटले. अख्खं कुंड उकललं असतं तर सहा महिने मातीत. डोळे उघडले तेव्हा कडी पहारीला लटकत होती आणि काठाचा टवका गोणपाटावर पडला होता. फोटोतल्यापेक्षा थोडा मोठा, पण तसाच, आतून वर उचकटलेला. अण्णांनी त्या खाचेत बोट घातलं. 

दुसरी कडी निघेना. वासुदेवकाका थकले, मग पाद्रींनी झगा सावरून पहार धरली. मग मी पदर खोचला. चौघांनी मिळून ओढली. पहार वाकली. कडी जागची हलली नाही. पाद्री घामाघूम होऊन रुब्बो कल्लूवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं पाहिलं.

"रायरे, ही का येत नाही?"

अण्णांनी वाकून पाहिलं. "भोक आत जाऊन रुंद झालंय, स्वामी. शिसं पाचरीसारखं बसलंय. आता दगड संपेल तेव्हा ही निघेल."

"आणि ती पहिली?"

"तिचं भोक सरळ होतं."

"दोन्ही भोकं तुम्हीच घेतलीत ना?" हे मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"हाताची सवय," अण्णा म्हणाले. "स्वल्प जास्त झालं."

चाळीस वर्षं ज्यांच्या हाताने एका वाटीचा आकार दुसरीपेक्षा केसभर वेगळा होऊ दिला नाही, त्यांचा हात म्हणे स्वल्प जास्त गेला. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

पाद्रींनी कडी करवतीने कापायचं सुचवलं. अण्णा म्हणाले, कापा, पण आतलं लोखंड उघडं पडेल आणि पावसाळ्यात गंज उतरेल, पोरांच्या डोक्यावर. ईस्टरला दहा दिवस उरले होते. पाद्रींनी आभाळाकडे पाहिलं, मग कुंडाकडे, आणि म्हणाले, "असू दे. मिस ओवेनला मी लिहीन." एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला कडी, असं कुंड लॉरीत चढलं. कमिटीवाला लॉरीमागे बडबडत चालत गेला.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा बस बदलत बदलत के. आर. पुरमला गेलो. चर्चमध्ये कुणी नव्हतं. कुंड दारापाशी एका पायरीवर बसवलं होतं, आत थोडी ओल होती आणि कालच्या फुलांच्या दोन पाकळ्या चिकटल्या होत्या. मागच्या भिंतीवर चकचकीत पितळी पाटी होती. मी वाचली. मिस ओवेनचं नाव, तिच्या गावचं नाव, ज्या कुंडावरून हे घेतलं त्याचं शतक, पाद्रींचं नाव, बिशपांचं नाव. मी पुन्हा वाचली. खालचे स्क्रूसुद्धा पाहिले.

"तुमचं नाव नाही," मी म्हटलं.

"असू दे की."

"असू दे काय? सात महिने! मनगट कामातून गेलं. गाव तिचं, शतक त्यांचं, हुबेहूब नक्कल असं लिहिलंय इथे, आणि नक्कल कुणी केली ते नाही. उद्या कुणी विचारलं तर काय, आभाळातून पडलं? मी आत्ता पाद्रींकडे जाते."

मी खरंच निघाले होते. अण्णांनी माझं मनगट धरलं आणि मला कुंडाच्या पलीकडच्या बाजूला नेलं, जिथे कडी होती. माझा हात उचलून त्यांनी कडीवर ठेवला. लोखंड गार होतं.

"त्यांच्या कुंडाला ही नाही," ते म्हणाले. "फोटोत बघ. तिकडे दोन्ही गेल्या. ही आपली."

 बोलले असते तर रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं, भांडायचं होतं.

"ओढून बघ," अण्णा म्हणाले.

पाटीचा राग होता, सहा आठवड्यांच्या अबोल्याचा होता, अंगणातल्या अकरा दगडांचा होता. सगळा लावून, दोन्ही हातांनी, पाय पायरीला टेकवून मी ती कडी ओढली. ती हलली नाही.